क्रेडिट कार्डाची थकबाकी: बिल कसे वाचावे, बँकेला काय लिहावे आणि नियमांचा आधार कसा घ्यावा

कार्डाची थकबाकी हाताबाहेर जाऊ लागली की पुष्कळ जण सर्वांत आधी बिल उघडून पाहणे बंद करतात. भीती आणि लाज यांतून तसे होते आणि त्यात समजण्यासारखे खूप काही आहे. परंतु नेमक्या त्याच क्षणापासून कर्ज अधिक वेगाने वाढू लागते. भारतीय रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी सविस्तर निर्देश जारी केले. ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले आणि नंतर त्यांत काही दुरुस्त्याही झाल्या. या निर्देशांनी कार्डधारकाला बरेच संरक्षण दिले आहे, पण ते आपोआप पदरात पडत नाही. जो बिल ओळीओळीने वाचतो आणि आपले म्हणणे तारीख घालून लेखी मांडतो, त्यालाच नियमांचा उपयोग होतो. म्हणून हे मार्गदर्शन वाचन आणि लेखन या दोन कामांभोवतीच रचलेले आहे.

पहिले काम: थकबाकीचा खरा हिशेब

गेल्या बारा महिन्यांची सर्व स्टेटमेंट डाउनलोड करून एका ठिकाणी ठेवावीत. एका वहीत प्रत्येक महिन्याची एकूण देय रक्कम, किमान देय रक्कम, भरलेले पैसे, लागलेले व्याज, लेट फी आणि जीएसटी असे रकाने करावेत. हे काम एका बैठकीत होते आणि ते झाल्याशिवाय पुढचे काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आपण नेमके किती खर्च केले आणि व्याजापोटी किती गेले, हे बहुतेकांना त्या रकान्यांची बेरीज केल्यावरच कळते.

व्याजदर बिलावर अनेकदा महिन्याचा दिसतो, त्यामुळे तो लहान भासतो. दरमहा ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. शिवाय कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, जो वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर लागत नाही. समजा थकबाकी १,००,००० रुपये आहे, दर महिना ३.५ टक्के आहे आणि किमान देय रक्कम थकबाकीच्या ५ टक्के आहे. पहिल्या महिन्यात व्याज ३,५०० रुपये आणि त्यावरील जीएसटी ६३० रुपये, असे ४,१३० रुपये होतात. आपण किमान रक्कम म्हणून ५,००० रुपये भरले, तर मुद्दलातून केवळ ८७० रुपये कमी होतात. याच रीतीने दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास, एकही नवी खरेदी न करता, थकबाकी निम्म्यावर यायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागतो. त्या काळात खिशातून सुमारे २,८७,००० रुपये जातात आणि तरीही ५०,००० रुपये देणे उरतेच. याच थकबाकीवर दरमहा ठरवून १०,००० रुपये भरले, तर सुमारे तेरा महिन्यांत, एकूण १,३२,००० रुपयांच्या आसपास भरून, खाते मोकळे होते.

किमान देय रक्कम म्हणजे बँकेच्या दप्तरी आपण थकबाकीदार ठरू नये यासाठीची रक्कम आहे; ती कर्जफेडीची योजना नव्हे. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षे लांबेल आणि व्याज चक्रवाढीने वाढेल, हा इशारा प्रत्येक बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. तसेच किमान रक्कम भरूनही मुद्दल वाढत जाईल, अशा रीतीने ती ठरवता येत नाही. आपल्या वहीत किमान रक्कम वेळेवर भरलेल्या आणि नवी खरेदी नसलेल्या महिन्यातही थकबाकी वाढलेली दिसली, तर तो महिना लाल शाईने खूण करून ठेवावा, कारण तिथे बँकेला विचारण्यासारखा प्रश्न आहे.

बिनव्याजी मुदतीबद्दलही फार गैरसमज आहे. पूर्ण बिल भरले तरच ती मुदत मिळते. बिलापैकी थोडी रक्कम जरी राहिली, तरी सामान्यतः खरेदीच्या तारखेपासून व्याज मोजले जाते आणि जुनी बाकी शून्य होईपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. थकबाकी असताना त्याच कार्डावर किराणा घेणे म्हणजे तो किराणा वर्षाला ४२ टक्के व्याजाने उधार घेणे होय. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर बिनव्याजी मुदत मुळीच नसते आणि वर शुल्कही लागते.

बिलात नियमाबाहेर लावलेले पैसे शोधणे

आता वहीतले शुल्काचे रकाने नियमांशी ताडून पाहावेत. लेट फी ड्यू डेट (बिल भरण्याची शेवटची तारीख) उलटून तीन दिवसांपेक्षा अधिक काळ गेल्यावरच लावता येते आणि ती एकूण बिलावर नव्हे, तर ड्यू डेटनंतर बाकी राहिलेल्या रकमेवरच आकारता येते. म्हणजे ५ तारखेचे बिल ७ तारखेला भरले आणि तरीही लेट फी लागली असेल, तर ती परत मागता येते. थकलेले शुल्क, कर आणि आकार मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावण्यास मनाई आहे. शुल्कात बदल करायचा असेल तर बँकेने किमान एक महिना आधी कळवले पाहिजे, आणि तो बदल मान्य नसल्यास कार्ड परत करण्याची मुभा ग्राहकाला असते; मात्र थकबाकी फेडावी लागतेच.

आपली स्पष्ट संमती नसताना कार्डाची मर्यादा वाढवता येत नाही. न मागता कार्ड दिले किंवा वरच्या श्रेणीत बदलले आणि त्याचे बिल लावले, तर बँकेने ते शुल्क परत करून शिवाय त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यायची आहे. कार्डासोबत विमा जोडला असेल आणि त्याला आपण होकार दिलेला नसेल, तर त्या ओळीवरही हरकत घ्यावी. खरेदीचे हप्ते केले असतील, तर मुद्दल, व्याज आणि मिळालेली सूट स्वतंत्रपणे दाखवणे बँकेला बंधनकारक आहे. ‘नो कॉस्ट’ म्हणवणाऱ्या हप्त्यांच्या बाबतीत ही ओळ जरूर वाचावी.

एखादा व्यवहार आपण केलेलाच नसेल तर त्याची तक्रार त्याच दिवशी करावी. बिलातील वादग्रस्त नोंदीबद्दल बँकेने तक्रारीपासून जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा आणि आवश्यक तेथे कागदोपत्री पुरावा दिला पाहिजे.

एक गोष्ट मात्र मनात स्पष्ट असावी. दर जास्त आहे, एवढ्यावरून आज दाद मिळणे कठीण आहे. वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी हानी झाली असे मला वाटते, पण लढा जिथे जिंकता येतो तिथेच आपली शक्ती लावावी. तो मुद्दा दर किती आहे हा नसून, नियम मोडून कोणते पैसे घेतले गेले हा आहे.

कर्ज कोणत्या क्रमाने फेडावे

सर्वांत आधी कार्डाचा वापर थांबवावा. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेले कार्ड काढून टाकावे आणि वीज, मोबाइल, मनोरंजनाची वर्गणी असे जे पैसे कार्डातून आपोआप जातात ते बचत खात्याकडे वळवावेत किंवा बंद करावेत. कार्ड लगेच रद्द करण्याची घाई मात्र करू नये. थकबाकी फिटेपर्यंत खाते बंद होत नाही.

दोन-तीन कार्डे असतील तर सगळ्यांची किमान रक्कम वेळेवर भरावी आणि उरलेला प्रत्येक रुपया सर्वांत जास्त दराच्या कार्डावर टाकावा. सर्व कार्डांवर थोडे थोडे भरल्याने मनाला समाधान मिळते, पण व्याज तितके कमी होत नाही.

यापेक्षा परिणामकारक उपाय म्हणजे महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडणे. वरच्याच उदाहरणातील १,००,००० रुपयांसाठी वर्षाला १६ टक्के दराने दोन वर्षांचे वैयक्तिक कर्ज मिळाले, तर मासिक हप्ता सुमारे ४,९०० रुपये येतो. जेवढे पैसे किमान रकमेत भरूनही सहा-साडेसहा वर्षांत कर्ज निम्मे होत नव्हते, साधारण तेवढ्याच मासिक रकमेत ते चोवीस महिन्यांत पूर्ण फिटते. मुदत ठेव असेल तर तिच्यावरचे कर्ज किंवा घरात सोने असेल तर सोनेतारण कर्ज याहूनही स्वस्त पडू शकते; मात्र सोने गहाण ठेवताना हप्ता चुकला तर ते लिलावात जाऊ शकते, हे घरातल्या सर्वांना आधी सांगावे. ठेवीवर ६-७ टक्के व्याज मिळवत असताना कार्डावर ४२ टक्के भरत राहणे कोणत्याही हिशेबात बसत नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे बाजूला ठेवून उरलेली ठेव मोडणेच शहाणपणाचे आहे. कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर वळवण्याच्या योजना तेव्हाच घ्याव्यात, जेव्हा सवलतीच्या मुदतीत संपूर्ण रक्कम फिटणार असल्याची खात्री असते. प्रक्रिया शुल्क आणि मुदत संपल्यानंतरचा दर आधी लेखी मागावा.

हे सगळे करूनही मोकळ्या झालेल्या कार्डावर पुन्हा खर्च सुरू झाला तर एकाची दोन कर्जे होतात. कर्ज बदलून घेतल्याचा फायदा कार्डाचा वापर थांबवला तरच टिकतो.

हप्ता जमणारच नसेल तर

नोकरी गेली, आजारपण आले, धंदा बसला, अशा वेळी ड्यू डेट उलटण्याआधी बँकेला लिहावे. फोनवर झालेल्या बोलण्याचा पुरावा आपल्या हाती राहत नाही. म्हणून फोन केला तरी त्याच दिवशी ईमेलने तेच पुन्हा कळवावे. पत्र मोठे असण्याची गरज नाही. पुढील मजकूर पुरेसा आहे:

‘माझ्या क्रेडिट कार्डावर (शेवटचे चार अंक …) आजमितीस … रुपये थकबाकी आहे. … या कारणामुळे माझे उत्पन्न कमी झाले असून त्याची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. थकबाकी फेडण्याची माझी इच्छा आहे. दरमहा … रुपये मी निश्चितपणे भरू शकतो. तरी संपूर्ण थकबाकीचे कमी व्याजदराच्या मासिक हप्त्यांमध्ये रूपांतर करावे, आणि लागू होणारा वार्षिक दर, मुदत, शुल्क व हप्त्यांचे वेळापत्रक मला लेखी कळवावे. या अर्जाचा तक्रार किंवा विनंती क्रमांक द्यावा.’

पत्रात जी रक्कम लिहाल ती खरोखर भरता येईल अशीच असावी. घाबरून मोठा आकडा लिहिला आणि दुसऱ्याच महिन्यात तो चुकला, तर बँकेचा पुढचा प्रतिसाद कठोर असतो. पुढील तारखांचे चेक देणे टाळावे. केवळ कार्डाचे पैसे थकले, तर तो वाद दिवाणी स्वरूपाचा असतो आणि त्यासाठी अटक होत नाही. परंतु दिलेला चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट या चेकविषयीच्या कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो, आणि ऑटो डेबिटचा आदेश पैशांअभावी परत गेल्यास २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली तशीच कारवाई शक्य असते.

वसुली एजंटशी कसे वागावे

येथे माणसे सर्वाधिक खचतात, म्हणून नियम नीट माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी स्पष्ट केले आहे की, थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक, मित्र किंवा शेजाऱ्यांना फोन करून बदनामी, निनावी फोन, खोटी माहिती देऊन घाबरवणे, या सर्वांना मनाई आहे. घरी येणाऱ्या एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असले पाहिजे. एजंटच्या पत्रावर बँकेच्या संबंधित वरिष्ठ अधिकाऱ्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल असणे आवश्यक आहे. आणि एजंट कसाही वागला तरी त्याच्या वर्तनाची जबाबदारी बँकेवरच राहते.

फोन आला की नाव, संस्था आणि अधिकारपत्राचा क्रमांक शांतपणे विचारावा, तारीख आणि वेळ वहीत लिहावी, शक्य असल्यास संभाषण रेकॉर्ड करावे. ‘माझी बँकेशी लेखी चर्चा चालू आहे, आपले म्हणणे लेखी पाठवावे’ एवढेच उत्तर द्यावे. पैसे कधीही एजंटच्या वैयक्तिक खात्यात किंवा रोख देऊ नयेत. ते थेट कार्ड खात्यातच भरावेत. धमकी शारीरिक इजेची असेल किंवा घरातील स्त्रियांना, वृद्धांना त्रास दिला जात असेल, तर बँकेच्या उत्तराची वाट न पाहता पोलिसांत तक्रार द्यावी. पैसे देणे असणे हा अपमान सहन करण्याचा करार नव्हे.

तक्रार कुठे आणि कशी न्यावी

पहिली तक्रार बँकेकडेच करावी लागते. ती ईमेलने किंवा बँकेच्या संकेतस्थळावरून करावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. समाधान न झाल्यास बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जावे. त्याचा तपशील बिलावर किंवा संकेतस्थळावर असतो. तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळण्यापूर्वी अनेक बँकांना ती आपल्या अंतर्गत लोकपालाकडे (अशा तक्रारी पुन्हा तपासण्यासाठी बँकेनेच नेमलेली व्यक्ती) पाठवावी लागते, त्यामुळे उत्तर आले की त्याने ती पाहिली आहे का, हे विचारावे.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाविलंब जाता येते. नोव्हेंबर २०२१ पासून ही व्यवस्था संपूर्ण देशासाठी एकच करण्यात आली. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस (कम्प्लेंट मॅनेजमेंट सिस्टिम) या संकेतस्थळावर किंवा चंदीगड येथील केंद्राकडे टपालाने पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फी नाही आणि वकिलाची गरज नाही.

या तक्रारीत अनेक जण एक चूक करतात. ते आपली अडचण सविस्तर लिहितात आणि व्याज माफ करण्याची विनंती करतात. बँकेच्या व्यावसायिक निर्णयात लोकपाल हस्तक्षेप करत नाही, त्यामुळे अशी तक्रार फेटाळली जाते. त्याऐवजी ‘अमुक तारखेचे बिल, ड्यू डेट अमुक, पैसे भरल्याची तारीख अमुक, म्हणजे तीन दिवसांच्या आत, तरीही अमुक रुपये लेट फी लावली, बँकेला अमुक तारखेला लिहिले, उत्तर सोबत जोडले आहे’ अशी एका मुद्द्यावरची, तारखांनी बांधलेली तक्रार लिहावी. तीन मुद्दे असतील तर तिन्हींना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकासमोर काय हवे ते आकड्यात लिहावे. लाल शाईने खुणा केलेली वही इथे उपयोगी पडते.

दुसरा मार्ग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालील जिल्हा आयोगाचा आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि सेवेसाठी आपण दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास फी लागत नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बँकेकडून लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नये आणि तिकडे दुर्लक्षही करू नये. तेथे तडजोडीने रक्कम ठरू शकते. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून आकडा पेलणारा असेल तरच सही करावी.

सेटलमेंट, शेवटचा कागद आणि क्रेडिट अहवाल

बँक कमी रकमेत खाते मिटवण्याचा प्रस्ताव देते (यालाच सेटलमेंट म्हणतात) तेव्हा क्रेडिट अहवालात, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ अशी नोंद होते, ‘क्लोज्ड’ अशी नाही. पुढे गृहकर्ज मागताना ही नोंद अडचणीची ठरते. म्हणून पूर्ण रक्कम हप्त्यांनी फेडणे शक्य असेल तर तो मार्ग मी आधी सुचवेन; उत्पन्नच उरले नसेल तर सेटलमेंट करण्यात कमीपणा मानू नये. पैसे भरण्यापूर्वी बँकेच्या अधिकृत ईमेलवरून किंवा लेटरहेडवर एकूण रक्कम, भरण्याची तारीख आणि त्यानंतर काहीही देणे राहणार नाही हे वाक्य असलेले पत्र मिळालेच पाहिजे. पैसे भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे देणे शिल्लक नसल्याचे प्रमाणपत्र, घ्यावे.

सर्व देणे चुकते झाल्यावर कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला, तर बँकेने ते सात कामकाजी दिवसांत बंद केले पाहिजे. अन्यथा उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये दंड ग्राहकाला मिळतो. अर्ज टपालानेच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही, म्हणून तो ईमेलने किंवा ॲपमधून करून स्क्रीनशॉट ठेवावा.

थकबाकी फिटल्याची माहिती ३० दिवसांत क्रेडिट माहिती कंपन्यांकडे पोहोचायला हवी. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. बँकेचे प्रमाणपत्र हाती आल्यावर साधारण दीड महिन्याने चारही अहवाल मागवावेत. चूक आढळल्यास कंपनी आणि बँक दोघांकडेही दुरुस्तीची तक्रार नोंदवावी. ती ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मागता येते, आणि त्या तक्रारीचा क्रमांक व तारीखही त्याच वहीत लिहून ठेवावी.